रुपीचा ढावलो

२ मे

पोहोचले! पुसदहून एसटीनं पाऊण तास, मग फाट्यापासून लखीराम मास्तरांच्या स्कूटरवर मागे, मांडीवर बॅग आणि तोंडाला ओढणी. मास्तर निवृत्त शिक्षक. या बंजारा तांड्यातली जुनी शाळा रिकामी पडली तेव्हा दोन खोल्यांत त्यांनी हे संग्रहालय मांडलं. बैलांच्या पाठीवर लादायच्या गोण्या, आरसे लावलेल्या चोळ्या, म्हणजे कांचळ्या, पाण्याची भलीमोठी पखाल. प्रत्येक वस्तूखाली त्यांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी. मला दोन महिन्यांत याद्या करायच्या आहेत, आणि मास्तरांनी तीस वर्षांत भरलेल्या गाण्यांच्या एकशे चाळीस कॅसेटी कम्प्युटरवर उतरवायच्या आहेत. कूलर चालतो, पाणी गार आहे. आणखी काय हवं?

हा माझ्या आईचा तांडा. मुद्दामच ही जागा मागून घेतली. मी चार वर्षांची असताना आई गेली. विहिरीवर पाय घसरला, एवढंच सांगतात. मी नागपूरला आत्याकडे वाढले, इथं कुणी आणलंच नाही. आईचा एक फोटोसुद्धा नाही माझ्याकडे.

जेवण शेजारच्या मोतीबाईंकडे. भाकर वाढता वाढता त्या थबकल्या. म्हणाल्या, "माय वं! हा तं आपल्या रुपीचा चेहरा." मग पदर डोळ्याला लावून चुलीकडं तोंड करून बसल्या. मीही रडले, पण बरं वाटलं.

६ मे

पारा पंचेचाळीसवर. दुपारी तांड्यात चिटपाखरू नसतं, तेव्हाच कॅसेटींचं काम छान होतं. आज एकसष्ट नंबर निघाली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: रुपी, ढावलो, मे १९९६.

ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या नवरीनं एकेकीच्या गळ्यात पडून रडत म्हणायचं गाणं. मास्तर तेव्हा नवे मास्तर होते, नवा टेप घेतला होता. निघायच्या आदल्या दुपारी त्यांनी तो तिच्या बाजेवर ठेवला आणि बटण दाबलं.

आवाज जरा घोगरा. मधेच नाक ओढते. एकोणीस वर्षांची. मी सव्वीस. माझी आई माझ्याहून लहान आहे! अकरा मिनिटांची कॅसेट सात वेळा ऐकली.

९ मे

मोतीबाईंनी आज सगळं सांगितलं. आई तीनदा पळून माहेरी आली होती. पाठीवर वळ असायचे. तिन्ही वेळा समजूत काढून परत धाडली. तिसऱ्या वेळी मोतीबाई स्वतः तिला फाट्यावर एसटीत बसवून आल्या. "मीच तिले म्हनलं, पोरीकडे पाहून दिवस काढ. आठ दिवसांत खबर आली." पाय घसरला नव्हता.

पोरीकडे पाहून. म्हणजे माझ्याकडे.

१२ मे

कॅसेट आज चौदा मिनिटं चालली. घड्याळ लावून पुन्हा पाहिलं. चौदा. अकराव्या मिनिटाला ती गाता गाता थांबते आणि गोरबोलीत, आमच्या बंजारा बोलीत, विचारते, तिथं कोण रडतंय?

मीच रडत होते.

मास्तरांना विचारलं, त्या दिवशी काही वेगळं झालं होतं का. ते हसले. "पोरगी त्या टेपसंगच बोलून राह्यली होती. आमी सारे हसलो. उन्ह लागलं असंन म्हनलं."

१४ मे

आज उत्तर दिलं. आत्याच्या घरी शिकलेली माझी तुटकी गोरबोली; आईला याडी म्हणायचं, इतपत. म्हटलं, मी आहे. मग तिनं विचारलं, तू तिकडची का? माझ्या सासरची? माणसं कशी आहेत गं?

मी मशीन बंद केलं.

१५ मे

तिला जाऊ नको म्हणायचं, की गप्प बसायचं? गप्प बसणारे तेव्हाही सगळेच होते.

ती गेली नाही तर मग माझं काय, हे मनात आलं नाही असं नाही. सकाळभर आलं. मी जन्मले म्हणूनच तर ती तिथं राहिली –

दुपारी सांगितलं. मारतील, याडी. विहीर आहे. जाऊ नको. ती ओरडली नाही. हळूच विचारलं, तू कोण? मला नाव सांगता आलं नाही. मग बांगड्या फुटल्याचा आवाज, बायकांचा गलका. कॅसेट संपली.

१६ मे

एकसष्ट नंबरची चिठ्ठी मास्तरांच्याच अक्षरात आहे, पण मजकूर वेगळा. "रुपी. ढावलो अर्धवट. नवरी सासरी निघाली नाही, वऱ्हाड परत गेलं."

मी जमिनीवर बसून हसले, रडले.

मोतीबाईंनी ताट वाढलं नाही. विसरल्या असतील.

१७ मे

मास्तरांनी दारातच विचारलं, "कोन पाह्यजे बाई?" मी नाव सांगितलं. जया. त्यांनी मान हलवली, लगेच विसरले, पुन्हा तेच विचारलं.

आत्याला फोन केला. ती म्हणाली, तिच्या भावाला मूलबाळच नाही. राँग नंबर.

१८ मे

कांचळीला पन्नास तरी आरसे आहेत. सगळ्यांत खिडकी दिसते. मी दिसत नाही. घसा ओरडून दुखला, पण आवाज – भीती वाटते. खूप वाटते. मला मरायचं नव्हतं, याडी. फक्त तू –

१९ मे

मोतीबाई अंगणातून मास्तरांना सांगत होत्या, "रुपी येऊन राह्यली उद्या, नातीले घेऊन."

येते आहे. जिवंत. उद्यापर्यंत टिकायचं. पेन अजून धरता येतं. पेन सोडायचं नाही.

२० मे

आली. पिकलेले केस, पिवळी साडी, बरीच जाड. पायरी चढताना मोठ्यानं हसली. हसते! असं हसते होय –

नात बरोबर. खुशी. कांचळीला हात लावला म्हणून मास्तर रागावले, आई रागावली मास्तरांवर.

आता टेबलाकडं वळली. थांबली. मास्तरांना विचारते, इथं कोण बसलंय? मास्तर म्हणतात, कोनीच नाही.

पुढं येते. हात पुढं केलाय. माझ्या गालापाशी. ऊब लागते. विचारते, "कोनाची वं तू?"

आवाज नाही माझ्याकडे. तिला वाचता येत नाही. पण खुशी वाकून अक्षरं जुळवते आहे, मोठ्यानं, एकेक. लवकर लिहायला – मोठं लिहायला – याडी मी तु