भाऊचे करकोचे, माझा रंकाळा

ता. ४ जानेवारी १९५३
भाऊ गेल्यावर त्याच्या निगेटिव्हच्या काचा आज प्रथमच उघडल्या. विजापूरकडच्या तळ्यावरचे करकोचे. पहाटे चिखलात पालथा पडून काढलेले, शहाणा! म्हणायचा, "निवृत्त झालो की रंकाळ्यावर दोघं मिळून फोटो काढू." मी शाळेतून निवृत्त झाले, कॅमेरा शिकले. हा गेला.
त्याचे पक्षी माझ्या रंकाळ्यावर उतरवायचे. बघू.

ता. ११
शाहूपुरी, बाबूभाईंच्या स्टुडिओतली काळी खोली. एकाच कागदावर आधी माझ्या निगेटिव्हवरचं तळं, आभाळ पुठ्ठ्याने झाकून. मग तळं झाकून भाऊचे पक्षी. फसलं. पक्ष्यांवर ऊन डावीकडून, पाण्यावर उजवीकडून.
बाबूभाई : "बाई, कोल्हापुरात दोन सूर्य उगवल्यात की!"
तिथे हसले नाही. घरी येऊन हसले. ऐकायला कोण आहे?

ता. १८
तळ्याची काच उलटी घातली. ऊन जुळलं. करकोचे पाण्याला पाय लावायच्या बेतात आहेत! फोटोमंडळाच्या प्रदर्शनाला फोटो दिला, खाली दोघांची नावं. एक प्रत दाखवायला शेजारच्या काकूंकडे गेले. कुलूप. तशीच परत.

ता. २५
फोटोमंडळाचे चिटणीस, पेशाने वकील, फोटो घेऊन दारात. "बाई, संध्यामठ भलत्याच बाजूला गेलाय. लोक हसतील की!"
खरंच. पाण्यातला तो दगडी मठ! जन्म त्या काठावर फिरण्यात गेला आणि मला दिसलं नाही. पक्षीच बघत होते.
"तळं सरळ करा, पक्षी उलटवा. त्यांना कोण ओळखतंय? बुधवारपर्यंत द्या, नाहीतर भिंतीवरची जागा दुसऱ्याला."
मी ओळखते, मूर्खा. कॉन्व्हेंटची सभ्यता आड आली, म्हणून नुसतं दार लावलं.

ता. २७
राग उतरत नाही. काच पालथी केली की झालं, इतकं सोपं, हेच वाईट. पण करकोचे डावीकडून आले, ऊनही डावीकडून. तळं काय, इथेच आहे, कधीही बघावं. ती सकाळ त्याने एकट्याने बघितली.
बाबूभाई : "लागू दे की बाई. भावाचं नाव तरी भिंतीवर येईल."
हेही खरं. म्हणून राग जास्तच.

ता. २८, बुधवार
स्टुडिओतच लिहितेय. तळं सरळ छापलं, मठ जागेवर. कागद उजेड लागू नये म्हणून काळ्या पाकिटात, वरचं आभाळ कोरं. पक्ष्यांची काच मांडीवर. सुलटी घातली तर पुन्हा दोन सूर्य, उलटी घातली तर त्याची सकाळ खोटी.
बाहेरून बाबूभाई : "बाई, वकील आल्यात. काय सांगू?"
म्हटलं, बसवा त्यांना. घाई त्यांना आहे.
दिवा मालवते.