खुंटीला इथे काय म्हणतात

५ फेब्रुवारी

बाबा येऊन तीन आठवडे झाले. त्यांच्यासाठी कपाटाचा एक खण रिकामा केला होता, तो तसाच आहे. कपडे बॅगेतच ठेवतात, हवे तेवढे काढतात, पुन्हा चेन ओढतात. २८चं परतीचं तिकीट पाकिटात.

नाशिकला एकटेच असतात. डिसेंबरात न्हाणीघरात पडले. शेजारच्या वहिनींनी दार फोडायला लावलं म्हणून कळलं तरी. त्यांनी आता इथे वेलचेरीतच राहावं एवढंच मला हवंय. विचारायचं धाडस होत नाही. ‘नाही’ म्हणाले तर ते पक्कं होईल.

आज गॅलरीत उभे होते. भूगोलाचे मास्तर, टेकडी शोधतात. पलीकडची परंगीमलै दाखवली. म्हणाले, “ही टेकडी नव्हे. टेंगूळ आहे.”

८ फेब्रुवारी

आमच्या मैथिलीचा तंबू आला. तिला मैत्रिणींबरोबर एक रात्र समुद्राकाठी झोपायचंय. रघूच्या ऑफिसमधल्या मित्राचा कुंपण घातलेला प्लॉट आहे महाबलीपुरमच्या रस्त्यावर, सुरूच्या झाडांत. बाप म्हणून रघूची अट एकच: मोठं माणूस सोबत हवं.

हॉलमध्ये खोका उघडला. सासूबाई, म्हणजे अम्मा, सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या. बाबांनी एक खुंटी उचलून उजेडात धरली.

“ही खुंटी? ही तर स्वेटरची सुई.”

आल्यापासून पहिल्यांदा त्यांचा शाळेतला आवाज ऐकला.

मग मला रात्री झोपेपर्यंत तेच आठवत राहिलं. शाळेचे खाकी कॅनव्हासचे तंबू, ओले झाले की येणारा वास, मुलांचा गड चढतानाचा कालवा. मी लहान म्हणून माझ्याकडे खुंट्यांची पिशवी. बाबा हात मागे करणार, मी एक खुंटी हातात देणार. खुंटी तंबूपासून उलटी झुकलेली हवी. “रुसल्यासारखी,” ते मुलांना सांगायचे. “रुसलेला माणूस ओढला तरी येत नाही.” मुरमाची जमीन, दगडाने ठोकायचं. वारा वाढला की दोराला धोंडा बांधायचा. आम्ही आत झोपलो की ते बाहेर फेरी मारत, एकेका खुंटीवर टकटक करत. शेवटची टकटक मी कधी ऐकली नाही, त्याआधीच झोप लागायची.

१० फेब्रुवारी

संध्याकाळी गच्चीवर रंगीत तालीम. सिमेंटमध्ये खुंटी कुठे जाणार. बाबांनी एक दोर टाकीच्या पाइपाला बांधला, बाकीचे पाण्याच्या बादल्यांना. सोसायटीचे सेक्रेटरी धापा टाकत वर आले, तमिळमध्ये विचारलं, “मॅडम, फंक्शना?” मैथिली म्हणाली, “नाही अंकल, आजोबा.” त्यांचं समाधान झालेलं दिसलं.

बाबा दमले, पण जेवले नीट.

१५ फेब्रुवारी

वाईट दिवस. नीट लिहिते.

दुपारी सगळे गेलो, अम्माही. मैथिली आणि दोघी मैत्रिणी. प्लॉट सुंदर, पण सगळी वाळू. बाबांनी पहिली खुंटी ठोकली, झुकवून, जशी ठोकायची तशी. दोर ताणला, खुंटी हातात आली. अजून खोल ठोकली. आली. वारा चांगलाच होता, तंबू एका बाजूने उचलला जाई आणि मुली किंचाळत त्यावर पडत. बाबा धोंडा शोधायला लागले. “या किनाऱ्यावर एक दगड नाही?” दोनदा म्हणाले. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मला बघवेना.

अम्मा खुर्चीवर छत्री धरून बसलेल्या. त्यांच्या तंजावरच्या मराठीत, काळजीनेच, मोठ्याने म्हणाल्या, “मास्तर, सोडा की. कशाला जीव काढता? इथे मुळै धरत नाही. वाळू ती.”

बाबा थांबले. हातोडी खाली ठेवली. खुर्ची उचलून समुद्राकडे तोंड करून बसले.

मैथिलीने फोनवर बघून मार्ग काढला. दोर सुरूच्या दांडक्याला मधोमध बांधायचा, दांडकं वाळूत आडवं पुरायचं, वर पाय देऊन दाबायचं. तंबू उभा राहिला. “आजोबा, बघा ना.” त्यांनी मान वळवली, हसले, पुन्हा समुद्र.

रघू मुलींबरोबर राहिला, आम्ही तिघं टॅक्सीने परत. बाबा पुढे बसले. तिरुवान्मियूरच्या सिग्नलला, मागे न बघता: “मी २८ला जातोय. ठरलं.”

ठरलेलंच तर होतं. मग आज का सांगितलं.

१७ फेब्रुवारी

दोन दिवस बाबा अम्मांशी बोलत नाहीत. विचारलं तर ‘हो’, ‘नाही’, ‘पुरे’. अम्मा मला स्वयंपाकघरात: “माझ्या हातून काही झालं का गं?”

आज दुपारी अम्मा झोपल्यावर चहा घेऊन बसले त्यांच्याजवळ.

“विहीणबाईंचं बरोबरच आहे,” म्हणाले.

“काय बरोबर आहे?”

“सगळ्यांसमोर म्हणाल्या ना. इथं मुळं धरत नाहीत. आता या वयात कुठली मुळं धरायची मी?”

मला कळायलाच वेळ लागला. मग इतकं हसू आलं की कप खाली ठेवावा लागला, आणि हसता हसता डोळे भरले. वीस वर्षं या घरात राहून मला तो शब्द परका वाटतच नाही. मुळै. तमिळ. खुंटी. यांच्या मराठीत पिढ्यान्‌पिढ्या तोच चालतो.

“बाबा, त्या खुंटीबद्दल बोलत होत्या. खुंटीला इथे मुळै म्हणतात.”

“खुंटीला मुळं?”

“मुळै. कोंब फुटतो ना, त्यालाही मुळैच.”

“एकच शब्द?”

“एकच.”

तेवढ्यात अम्मा उठून आल्या. त्यांना सांगितलं. कपाळाला हात. “अय्यो मास्तर, मी त्या लोखंडाचं बोलले हो.”

बाबा ओशाळले. “आणि मी दोन दिवस अन्न गोड लागत नाही म्हणून…”

“कोठलं? सकाळी सहा इडल्या मीच वाढल्या.”

बाबा मोकळे हसले. मला वाटलं, सुटलं.

संध्याकाळी दिवे लावताना मात्र हळूच म्हणाले, “शब्द चुकीचा ऐकला, खरं. पण ऐकल्याबरोबर मला पटलं होतं गं.”



२० फेब्रुवारी

रघू म्हणतो, सरळ विचार, राहा म्हण. त्याच्या घरात सगळे सगळं बोलून टाकतात. आमच्यात नाही.

लग्नानंतर इकडे निघाले तेव्हा बाबा नाशिकरोडला डब्यात चढले होते. आई रडत होती. ते बर्थखाली वाकले, माझ्या ट्रंकेची साखळी ओढून बघितली, कुलूप हलवून बघितलं, पुन्हा साखळी. “पक्की आहे,” म्हणाले आणि उतरले. तेवढाच निरोप. गाडी हलल्यावर मी तीच साखळी धरून बसले होते, मनमाड येईपर्यंत.

माझी मुलगी माझ्यापासून अशी निघेल तेव्हा मी काय तपासणार?

२३ फेब्रुवारी

मैथिली क्लासहून आली तर बाबा चप्पल घालून तयार. “ते आडवं पुरायचं मला दाखव.”

तिघं बेझंटनगरच्या समुद्रावर गेलो. बाबांनी गुडघे टेकले. हाताने चर खणला, दांडकं आडवं ठेवलं, वाळू लोटली, उभं राहून पायाने दाबली. आजूबाजूची उकडलेल्या चण्यांचं सुंडल खाणारी माणसं बघत होती. मैथिलीने दोर धरून जोर लावला. नाही आलं. दोन्ही पाय रोवून ओढलं, हात सुटला आणि मागे पडली ती वाळूत.

“धरलं,” बाबा म्हणाले.

सवयीने मी मागे उभी होते. त्यांनी न बघता हात मागे केला. माझ्या हातात द्यायला काहीच नव्हतं. त्यांनी माझाच हात धरला आणि उठले.

२५ फेब्रुवारी

सकाळपासून जिभेवर आहे: राहणार ना? हलवून खुंटा बळकट, म्हणतात आपल्यात. पण तो आपल्याकडच्या मातीतला. त्या दिवशी प्लॉटवरच्या वाळूत बघितलं, हलवला की निघूनच येतो.

मी शेवग्याच्या शेंगा सोलत होते. अम्मा पेपरमधून मान वर न काढता म्हणाल्या, “मास्तर, रविवारी जाऊ पुन्हा समुद्रावर. मीही येतें.”

शनिवारी २८, बाबांचं तिकीट. अम्मांच्या लक्षात नसेल. किंवा असेल.

बाबांनी चष्मा काढून पुसला. “रविवारी वारा कसा असेल?”

“समुद्राकडून. आणखी कोठून यायचा?”

“तो दुपारी. पहाटे जमिनीकडून असतो.”

“मग पहाटेच निघू,” अम्मा म्हणाल्या, आणि पान उलटलं.

बाबा चष्मा पुसतच होते. आवाज होईल म्हणून मी शेंग खाली ठेवली नाही.