पुढच्या डाव्या चाकाबद्दल

जयपूर, रविवार दुपार

अहो,

वरचा हा एक शब्द लिहायला पाच मिनिटं लागली. तुम्ही दौऱ्यावर असताना मी प्रत्येक पत्र असंच सुरू करायचे आणि शालू म्हणायची, "आई, पत्रात तरी बाबांचं नाव लिही!" आता दुसरं काही सुचलं नाही, म्हणून तेच ठेवलं.

वसंतभाऊजींना स्टेशनवर सोडून आत्ताच आले. तुमच्या वर्षश्राद्धाला अकोल्याहून आले होते, आठ दिवस राहिले. घरी पोचले की गाडीची हकीकत ते रंगवून सांगणार, तुम्हाला त्यांचा स्वभाव माहीत आहे. तुम्हाला ती माझ्याकडून आधी कळावी म्हणून लिहायला बसले. हा खुळेपणा आहे, मला कळतं. पण वर्षभरात मी तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही. नीट रडलेसुद्धा नाही. सकाळी उठते, शाळेत जाते, येते, जेवते. लोक म्हणतात, बाई धीराची आहे. धीर नाही हो, आत काही हलतच नाही.

शाळा म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नाही! टोंक रोडवरच्या मुलींच्या शाळेत मी वाचनालय सांभाळते. चौथी शिकलेली बाई आणि भिंतभर पुस्तकं. तुमची हिंदी-इंग्रजी वर्तमानपत्रं वाचून वाचून जे आलं तेवढंच माझं शिक्षण. मुख्याध्यापिकाबाईंनी मला पानभर हिंदी वाचायला दिलं, अर्धं पान इंग्रजी दिलं, आणि सोमवारपासून या म्हणाल्या. तिथवर बस जात नाही. म्हणून पावसाळ्यात तुमची गाडी बाहेर काढली. तुम्ही सांगानेरच्या मोकळ्या रस्त्यावर शिकवलेलं हात विसरले नव्हते.

पुढच्या डाव्या चाकाचा आवाज मात्र तसाच होता. ब्रेकवर पाय ठेवला की किंकाळी! तुम्हाला आठवतंय ना, मी किती बोलले होते तुम्हाला त्यावरून? "नूर उस्तादाच्या गॅरेजात द्यायला कमीपणा वाटतो, स्वतःच खोलता आणि मग असं होतं." तुम्ही म्हणायचात, "बरंय की, हॉर्न वाजवायला नको."

भाऊजी आले त्या दिवशी मीच त्यांना स्टेशनवरून आणलं. बनीपार्कात आपल्या गल्लीत वळेपर्यंत चार वेळा ब्रेक लावला. भाऊजी म्हणाले, "बाप्पा! वहिनी, ही गाडी आहे की डुक्कर कापून राह्यले?" शालू मागे खो खो हसली. मीही हसले असेन.

पण जेवण झाल्यावर त्यांनी सुपारी कातरता कातरता सांगितलं, ते ठरवूनच आले होते. गाडी विकायची, घर सोडायचं, आम्ही दोघींनी अकोल्याला त्यांच्याकडे राहायचं. "शालूचं कॉलेज तिथंही होईल. इथं परमुलखात तुमचं कोण आहे, वहिनी? दादा होता तोवर ठीक होतं." शालूनं ताट उचललं आणि आत गेली. तिचं बी.एस्सी.चं दुसरं वर्ष आहे. "मतलब, मला कोणी विचारणारच नाही का?" हे ती मला स्वयंपाकघरात म्हणाली, भाऊजींना नाही.

भाऊजी वाईट नाहीत. मनापासून बोलत होते. पण मला एवढंच कळलं की ही गाडी गेली तर शाळा गेली, आणि शाळा गेली तर मी पुन्हा कुणाच्या तरी घरातली कोपऱ्यातली बाई. दुःख वगैरे झालं नाही. ब्रेकचा आवाज बंद केला पाहिजे, एवढंच डोक्यात आलं.

आणि मग मी काय केलं, ऐका. शिलाई मशीन कुरकुरलं की आपण काय करतो? तेल सोडतो. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी मशीनची तेलाची कुपी घेतली, डाव्या चाकाच्या मागे वाकले, आत एक फट दिसली तिच्यातून तेल सोडलं. पाच-सहा पिचकाऱ्या सोडल्या. गाडी फाटकापर्यंत नेऊन पाहिली. आवाज बंद! मला इतकं शहाणं वाटलं! तुम्हाला पाच महिने जमलं नाही, ते मी पाच मिनिटांत केलं, असंसुद्धा मनात आलं.

संध्याकाळी भाऊजींना देवदर्शनाला घेऊन निघाले, शालू मागे. मोतीडुंगरीच्या उतारावर ब्रेक दाबला. गाडी थांबेना. वेग जरा कमी झाला आणि ती उजवीकडे ओढायला लागली. समोरून चाऱ्यानं भरलेली उंटगाडी. मी सगळ्या जोरानं हातब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा काचेत उंटाचे गुडघे दिसत होते. गाडीवाला खाली उतरून शांतपणे म्हणाला, "बाईजी, ऊँट नहीं दिखा? इतना बड़ा तो है!"

घरी आल्यावर भाऊजी म्हणाले, "झालं. आता बोलायचं काही राहिलं नाही. दादानं खटारा घेऊन ठेवला आणि तुमच्या गळ्यात मारला." तुम्हाला दोष दिला तो मी तसाच जाऊ दिला, रात्रभर. तेलाचं त्यांना सांगितलं नाही. हे तुम्हाला सांगायचं होतं.

सकाळी मात्र सांगितलं. भाऊजींचा चहा हातातच राहिला. मी म्हटलं, "तुमची आगगाडी रविवारची आहे. तोवर थांबा. रविवारी मी तुम्हाला स्टेशनवर सोडेन. नाही सोडता आलं, तर सामान बांधते." ते म्हणाले, "अन् मी त्या गाडीत बसू?" मी म्हटलं, "त्याशिवाय तुम्हाला कळणार कसं?"

गाडी आपल्याला विकताना ठाकूरसाहेबांनी तिच्याबरोबर दिलेलं ते इंग्रजी पुस्तक मी कपाटातून काढलं. तुम्ही ते मला कधी दाखवलं नाहीत. गाडी चालवायला शिकवलीत, पण तिच्या पोटात काय आहे ते नाही. का हो? मी हात काळे करीन म्हणून, की मला समजणार नाही म्हणून? शालूच्या डिक्शनरीवरून चार पानं वाचायला दोन दिवस लागले. समजलं ते असं: चाकाच्या आत लोखंडाचा डबा असतो, तो ड्रम. त्यात चंद्रकोरीसारखे वाकलेले दोन ब्रेकशू असतात. ब्रेक दाबला की ते फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. त्या घासण्यावरच गाडी थांबते. आणि मी तिथे तेल घातलं होतं!

शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. गाडीच्या मागच्या चाकांना विटा लावल्या, नट आधी सैल केले, मग जॅक लावला. नट निघेनात तेव्हा शालू पान्यावर उभी राहिली. भाऊजी व्हरांड्यात वर्तमानपत्र धरून बसले होते, पान काही उलटत नव्हते. शेजारच्या माथुरबाई कठड्यावरून म्हणाल्या, "भाभीजी, किसी मिस्त्री को बुला लेतीं!" शालू म्हणाली, "आंटीजी, मिस्त्री ही तो है!"

ड्रम निघाला. आत जयपूरची सगळी धूळ आणि माझं तेल, दोन्हीचा काळा चिखल. तो पुसला तेव्हा ब्रेकशूच्या लोखंडी बाजूवर काहीतरी लाल दिसलं. मला वाटलं गंज. बोटानं घासलं. कुंकू होतं.

खंडेनवमी आठवते? तुम्ही त्या वर्षी चारी चाकं काढून सगळे ब्रेकशू धुतले होते, आणि पूजेला पानेबिने मांडले तसे तेही मांडा म्हणालात. तुम्ही ते व्हरांड्यात चार चाकांसारखे चार ठिकाणी ठेवले होते, प्रत्येक ठिकाणी दोन. मी पाटावर मांडताना पाहिलं तर काहींची घासायची पट्टी लांब, काहींची आखूड. मला ते बेंगरूळ वाटलं. मी लांबाशेजारी लांब ठेवला, आखुडाशेजारी आखूड. छान जोड्या लावल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. तुम्ही आंघोळ करून आलात आणि म्हणालात, "वा."

पुस्तकातल्या चित्रात प्रत्येक चाकात एक आखूड आहे आणि एक लांब. आखूड पुढे, लांब मागे. मी डावं चाक पुन्हा पाहिलं, दोन्ही लांब. उजवं खोललं, दोन्ही आखूड. मागची दोन्ही चाकं खोलली, ती बरोबर होती. त्या कशा जुळून आल्या कोण जाणे, पुढच्या दोन जोड्या मात्र मी पूजेत लावल्या तशाच होत्या.

शालूनं विचारलं, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, पाना दे."

तेलानं भिजलेले दोन्ही शू वर्तमानपत्रात गुंडाळून मी रिक्षानं चांदपोलला नूर उस्तादांकडे गेले. तेलाचं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "भाभीजी, ब्रेक में तेल! सिलाई मशीन समझा था क्या?" मी म्हटलं, "हो, तेच समजले होते." मग ते हसले आणि नव्या पट्ट्या ठोकायला बसले. लांब शू हातात धरून म्हणाले, "ये दोनों एक ही पहिये में थे ना? साब को तो मैंने दिवाली के बाद आवाज़ सुनते ही बोला था, जोड़ी गड़बड़ है. बोले, मालूम है, नूर. मैंने कहा, आधे दिन का काम है, अभी कर देता हूँ. बोले, नहीं, घर में पूछेंगी कि क्यों खोला. दशहरे पर वैसे भी खुलेगी."

मी तिथल्या स्टुलावर बसून राहिले. उस्तादांनी पाणी आणून दिलं, ते मी प्यायले.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी रोज टोचून बोलत होते आणि तुम्ही हसून ऐकत होतात. तुमची चूक नव्हती, माझी होती, आणि ती मला कळू नये म्हणून तुम्ही तशीच गाडी चालवत राहिलात. लोक याला प्रेम म्हणतील. मीही क्षणभर म्हटलं. पण मागच्या सीटवर शालू बसायची हो! एक शब्द बोलला असतात तर? मी रुसले असते दोन दिवस. रुसण्यानं माणूस मरत नाही.

शनिवारी सगळं परत बसवलं. ड्रम पेट्रोलनं पुसले, उजवीकडच्या जुन्या पट्ट्या गुळगुळीत झाल्या होत्या त्यांना काचकागद मारला, प्रत्येक चाकात एक आखूड, एक लांब. स्प्रिंग बसवताना माझं बोट चेपलं. भाऊजी तेव्हा व्हरांड्यातून उठून आले, त्यांनी स्प्रिंगचं दुसरं टोक पक्कडीत धरलं. धोतराला ग्रीस लागलं. संध्याकाळी मी एकटीच मागच्या रस्त्यावर वीस-पंचवीस वेळा ब्रेक लावून पाहिला, आधी हळू, मग जोरात. गाडी सरळ थांबत होती.

आज सकाळी भाऊजी पुढे बसले. स्टेशनच्या अलीकडे एक टांगेवाला सवारी दिसली म्हणून एकदम मध्येच थांबला. मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, वाकडी न होता. भाऊजींनी दोन्ही हातांनी पुढची फळी धरली होती. ती सोडून त्यांनी हात धोतराला पुसले. फलाटावर मी नमस्काराला वाकले तेव्हा म्हणाले, "शालूची परीक्षा कधी आहे? झाली की दोघी महिनाभर या. महिनाभरच या." मग डब्यात चढल्यावर खिडकीतून, "अन् त्या मशीनच्या तेलाला कुलूप लावा, वहिनी!"

तर आम्ही इथेच राहतो आहोत. आनंद झाला का, मला सांगता येणार नाही. घरी आले, हात धुतले, नखांतलं काळं गेलं नाही, तशीच बसले.

आता राहिलेलं एक. गेल्या फाल्गुनात, तुम्ही गेलात त्याच्या आधीच्या आठवड्यात, न्हाणीघराच्या दाराआड उभे राहून तुम्ही छातीला बाम चोळत होतात. तीन दिवस. वास येऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवायचात. मी पाहिलं होतं. तुम्ही मला सांगितलं नाहीत, म्हणजे तुम्हाला विचारलेलं आवडणार नाही, असं मी धरलं. तुमचं मन राखलं. डॉक्टरांनी मला नंतर विचारलं, "आधी काही त्रास होता का?" मी त्यांना नाही म्हटलं. भाऊजींना नाही म्हटलं. शालूला नाही म्हटलं. आज तुम्हाला सांगते आहे, मला माहीत होतं.

तुम्ही माझं मन राखलंत, मी तुमचं. असा आपला संसार एकवीस वर्षं कुणालाही न दुखवता चालला, आणि तुम्ही गेलात.

शालू आता कॉलेजातल्या मैत्रिणीकडून येईल. ती आली की तिला समोर बसवून हे बामाचं सांगणार आहे. ती रागावेल, कदाचित बरेच दिवस बोलणार नाही. रागावू दे. या घरात यापुढे मी कुणाचं मन राखण्यासाठी गप्प बसणार नाही, तिला काही दुखलं-खुपलं दिसलं तर विचारीन, आवडो न आवडो. हा शब्द तुम्हाला देते.

फाटक वाजलं. ती आली.

मालती