पट्टा धुवायचा नसतो

लिंबायत, सुरत
अखाजीच्या आधीचा आठवडा, १९९६

तीर्थस्वरूप भाईदासभाऊ,

नळाचं पाणी गेलं तेव्हा माझे सगळे हंडे भरून झाले होते, स्टोव्हवर चहाचं आधण होतं आणि मी मोरीत बसून गोधड्या धोपटत होते. (नमस्कार आणि प्रकृतीची चौकशी खाली येतेच आहे. पण लिहायला बसले तर ही सकाळच आधी आली, म्हणून तिला आधी येऊ दिलं. रागावू नका.) कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली अखाजी आली की आपल्याकडे घर धुऊन काढतात, तसं मी काढत होते. मांडणीवरची भांडी उतरवली, राखेने घासली, आढ्याची जळमटं काढली, पांघरुणं भिजवली. मग खुंटीवर यांचा पट्टा दिसला. तोही सोड्याच्या पाण्यात टाकला, साबण लावला, धोपटण्याने चांगला धोपटला आणि अंगणातल्या तारेवर वाळत घातला. मी केलं ते एवढंच.

आता तुमच्या आणि वहिनींच्या पाया पडते. तुमच्या खांद्याची सूज उतरली असेल अशी आशा आहे. नसेल तर एरंडाचं पान शेकून बांधा, बाजारातलं मलम आणू नका, त्याने फक्त डोळ्यांत पाणी येतं. वहिनींना सांगा की पापड मिळाले, निम्मे मोडले होते, पण मोडक्याचीही चव तीच असते. वर्षाचं सासरहून, दोंडाईच्याहून, पत्र आलं, ती सुखात आहे असं लिहिते, मी मान्य करून टाकलं आहे. माझी तब्येत ठीक. तुमचंही पत्र मिळालं. त्यात तुम्ही लिहिलंत की अखाजीच्या आत सामान बांधून ठेव, मी टेम्पो घेऊन येतो, आता सुरतेत तुझं कोण आहे. आणि खाली लिहिलंत की ज्या कराटेने माणूस खाल्ला त्याचा तो पट्टा येताना तापीत सोडून दे. मी ते पत्र दोनदा वाचलं. (मी वाचायला कशी शिकले ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही शाळेतून येऊन पुस्तक कोनाड्यात टाकायचात आणि खेळायला पळायचात, तेव्हा ते पुस्तक मोकळंच असायचं.) उत्तर लगेच लिहिणार होते, पण मध्ये हे पट्ट्याचं झालं.

तुम्ही म्हणता कराटेने माणूस खाल्ला. डॉक्टर म्हणाले काळीज थकलं होतं. गच्चीवरून उतरून कारखान्याकडे जाताना ते रस्त्यात बसले, हे खरं. पण यंत्रावर उभे असते तर यंत्रावर बसले असते. एवढंच मला त्याबाबत म्हणायचं आहे. उरलेलं तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही, कारण हे हयात असताना ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटायचं.

वर्षा नववीत होती तेव्हा शाळेच्या वाटेवर पोरं टपून असायची, म्हणून तिला कराटेच्या क्लासला घातलं. क्लास म्युनिसिपालिटीच्या शाळेच्या गच्चीवर, पहाटे. सोबत म्हणून हे जात. आठवड्यात वर्षाने सोडलं, म्हणाली पाय दुखतात. हे काही परत आले नाहीत. म्हणजे घरी येत, पण आल्यासारखे नसत. चाळिशी ओलांडलेला लूमवरचा कामगार पांढरे कपडे घालून रांगेत शेवटी उभा, पुढे मिसरूड न फुटलेली पोरं, आणि शिकवणारे योगेंद्र सर म्हणजे गोडादऱ्याचा वायरमन, यांच्याहून कितीतरी लहान. पण सर म्हटले की सर. भाजीची पिशवी हातात असताना बाजारात सर दिसले तर हे तिथेच दोन्ही पाय जुळवून कमरेत वाकत, वांगी रस्त्यावर. वर्षाची सुपारी फुटली तेव्हा यांनी व्याह्यांनाही तसाच नमस्कार केला. व्याही घाबरून म्हणाले, पाठीत उसण भरली का, बसा बसा. (तुम्ही तेव्हा शेजारीच होतात आणि खोकल्यासारखं केलंत. मी पाहिलं होतं.) आमच्या एका खोलीत लाथेचा सराव चाले, म्हणून मांडणी मी धरून ठेवायची आणि यांनी लाथ हवेत मारायची, असा आमचा करार होता. ट्यूबलाइटशी तसा करार करायचा राहिला, ती गेली.

आणि हे एकटे नव्हते. यांच्या मागोमाग लूमवरचे सगळेच क्लासात शिरले. रातपाळी संपली की माणसं घरी जाऊन पडतात. हे लोक कानातला कापूस काढायच्या आधी गच्चीवर. यंत्रांच्या आवाजाने निम्म्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे कराटेत जी आरोळी मारतात ती हे अशी मारत की खालच्या गल्लीतल्या म्हशी पान्हा चोरत. धुडकू तुम्हाला आठवत असेल, बमरोलीच्या प्रोसेस हाउसमध्ये कापड रंगवतो तो. त्याला हळद लागली त्या सकाळीही तो गच्चीवर हजर होता. त्याचे कराटेचे कपडे अजून पिवळे आहेत आणि बायको दर वेळी विचारते, माझ्याशी लग्न केलं की योगेंद्र सरांशी. प्लेगच्या वेळी लोक गाडीच्या टपावर बसून नंदुरबारकडे पळत होते, मी आणि वर्षा तुमच्याकडे आलो आणि हे आले नाहीत, तो राग तुमच्या मनातून गेलेला नाही, मला माहीत आहे. ते तोंडाला फडकं बांधून त्या गच्चीवर उभे होते. मीही तेव्हा फार बोलले होते. परत आल्यावर विचारलं, असं काय आहे तिथे? म्हणाले, “तिथे मी काय करतो ते मला ऐकू येतं.” मला तेव्हा कळलं नाही. अजूनही सगळं कळलंय असं म्हणत नाही.

आता पट्ट्याचं. कराटेत परीक्षा झाली की पट्ट्याचा रंग बदलतो, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. दुसरीकडे लोक नवा पट्टा घेतात. आमच्याकडे धुडकू आहे. तो सगळ्यांचे पट्टे पिशवीत घालून बमरोलीला नेई आणि साड्यांचा लॉट चालला असेल त्यातच बुडवून आणी. एका वर्षी नारंगी हवा होता आणि लॉट निघाला राणी रंगाचा. सगळा क्लास राणी रंगाचे पट्टे बांधून सरांपुढे उभा राहिला. सर एकेक पट्टा बघत रांगेच्या टोकापर्यंत गेले. मग म्हणाले, “हं, चालू करो.” त्यामुळे यांचा पट्टा शेवटपर्यंत एकच. त्याच्यावरच रंगांवर रंग चढत गेले आणि तो कथ्थई झाला. काळा तेवढा राहिला.

तेराव्याला यांचे कपडे वाटून टाकले, गाठोडं तुम्हीच बांधलंत. पट्टा खुंटीवर होता, तो कपडा आहे असं कोणाला वाटलं नाही, म्हणून उरला. त्याला यांच्या घामाचा, मशीनच्या तेलाचा आणि खोबरेलाचा मिळून एक वास होता. भाऊ, तुम्ही पुरुष आहात, तुम्हाला हे लिहावं की नाही कळत नाही, पण दिवा लावताना मी रोज त्या खुंटीपाशी जराशी थांबत असे. आणि तरी धुतला. कारण अखाजीला यांच्या नावाची पहिली घागर भरायची, घागरीपाशी त्यांची एखादी वस्तू असावी असं मनात आलं, आणि पितरांपुढे मळकी वस्तू कशी ठेवणार? आपल्याला आईने हेच शिकवलं. एवढी वर्षं हे मला म्हणत होते की याला हात लावू नकोस. का, ते कधी सांगितलं नाही. मला वाटे, पुरुषांचा तोरा असतो एकेक.

दुपारी निंबा रस्त्याने चालला होता. (निंबा यांच्याच खात्यात लूम चालवतो आणि क्लासात यांच्या शेजारी उभा राहायचा.) त्याने तारेवर पट्टा पाहिला आणि सायकल सोडून दिली. धरली असती तरी चाललं असतं, पण त्याने सोडून दिली. “हाई काय करी टाकं भाभी तुम्ही!” एवढंच म्हणाला आणि सायकल तिथेच टाकून धावत गेला. संध्याकाळी सगळा क्लास माझ्या अंगणात. रांगेत. चपला बाहेर. माना खाली. शेजारच्या मंगलाबाईंनी विचारलं, पुन्हा कोण गेलं?

तेव्हा मला कळलं की पट्टा धुवायचा नसतो. माणसाने जेवढी मेहनत केली तेवढी त्या पट्ट्यात असते असं ते मानतात, धुतला की ती वाहून जाते. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, मेहनतीचं तुमचं तुम्ही बघा, माझं जे वाहून गेलं ते वेगळंच आहे. पट्टा तारेवरून काढून आणला आणि मध्ये ठेवला. तेव्हा सगळ्यांनी नीट पाहिलं. सोड्याने कथ्थई फिकट झाला होता, खालून निळा दिसत होता, निळ्याखालून हिरवा, आणि एका टोकाला राणी. धुडकू गुडघ्यांवर बसला आणि बोटाने दाखवायला लागला, हा निळा त्या पावसाळ्यातला, हा हिरवा प्लेगच्या आधीचा. राणी रंगापाशी त्याचं बोट थांबलं. कोणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले, आणि हसता हसता निंबाने तोंड फिरवून भिंतीकडे केलं.

मग भांडण. धुडकू म्हणाला, द्या भाभी, उद्याच्या लॉटमध्ये कथ्थई करून आणतो. निंबा म्हणाला, रंगवायचाच तर काळा रंगव, त्यांचा तेवढाच राहिला होता. योगेंद्र सर पायरीवर बसले होते, ते म्हणाले, “एम ना चाले. परीक्षा आप्या वगर काळो ना मळे.” म्हणजे परीक्षा दिल्याशिवाय काळा मिळत नाही. निंबा उसळला. “माणूस वर गेला सर! आता तुम्ही वर जा आणि घ्या परीक्षा!” धुडकूने निंबाला मागे ओढलं. मग एकाने तोड काढली की पट्टा सगळ्यांनी पाळीपाळीने बांधायचा, म्हणजे गेलेली मेहनत पुन्हा भरून निघेल. सगळ्यांना पटलं. मी म्हटलं, “भरेल. पण ती तुमची भरेल.”

शेवटी सर माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, “भाभी, काळा मीच रोखला. दोनदा. एक वळण आहे, ते त्यांचं बरोबर येत नव्हतं.” मी विचारलं, कसलं वळण? धुडकू सांगायला लागला, त्याला सांगता येईना. निंबाने अंगणात करून दाखवायला घेतलं, तर मध्ये हंडे. सर म्हणाले, गच्चीवर या, दाखवतो. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की पट्टा कोणी रंगवायचा नाही, कोणी बांधायचा नाही. आहे तसा राहील.

तर असं झालं. वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद सांगा, खांद्याला जपा.

तुमची धाकटी,
पुष्पा

ता. क. एरंडाचं पान फार गरम लावू नका.

ता. क. खरं म्हणजे पत्र याच्यासाठी लिहायला घेतलं होतं आणि तेच राहिलं. टेम्पो आणू नका. मी येत नाही. कारण मला नीट मांडता येणार नाही, म्हणून विचारू नका. साड्यांचे धागे कापायचं काम आहे, पोट भरतं. पण अखाजीला तुम्ही एकटे गाडीने या. घागर मी इथेच भरणार आहे. पितर म्हणून जेवायला कोणाला बसवायचं यावर क्लासात आणखी एक भांडण होऊन गेलं, म्हणून मी सगळ्यांनाच बसवते आहे. खापरावरची पुरणपोळी मी करेन, रस मी करेन. वाढायला मात्र आपल्या घरचा पुरुष हवा. तुमच्या मनात या क्लासातल्या माणसांविषयी काय आहे ते मी जाणते. तरी तुमच्या हाताने त्यांच्या पानात वाढा, एवढं मागते. आजवर तुमच्याकडे फार मागितलेलं नाही.

ता. क. पाकीट बंद करायचं राहून गेलं, ते बरं झालं. पत्र लिहून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी गच्चीवर गेले. एवढ्या वर्षांत एकदाही गेले नव्हते. मला मागे टाकीपाशी बसवलं. सरांनी आरोळी दिली आणि सगळ्यांनी ते वळण घेतलं. यांचा डावा गुडघा तुम्हाला माहीत आहे, लूमचा जड बीम पडला होता तो. जिना चढताना ते मध्येच एक क्षण थांबत, भार उजव्या पायावर घेत आणि मग पुढे जात. वळताना सगळे तसेच थांबले. धुडकू थांबला, निंबा थांबला, सगळी रांग थांबली, गुडघे धडधाकट असून. सर म्हणाले, “त्यांनीच शिकवलंय यांना. मी कितीदा सांगतो, थांबू नका. कोणी ऐकत नाही.” मी म्हटलं, पुन्हा एकदा करा. त्यांनी केलं. मग मी घरी आले आणि साड्यांचे धागे कापायला बसले.