मधे जमीन नको म्हणाले

लातूर, रविवार, संध्याकाळ

लेकीने अमेरिकेहून आम्हा दोघांच्या सफरीसाठी जहाजाचे दोन मार्ग पाठवलेत. एक बेटांवर थांबत जाणारा, दुसरा इंग्लंडहून सरळ न्यूयॉर्क. आठवडाभर नुसतं पाणी. यांच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नाही.

"बेटांचाच घेऊ," मी म्हटलं. "काही झालं तर दवाखाना तरी हाय."

"जन्मभर औशाच्या शाळेत पोरांना नकाशावर अटलांटिक दाखवला," हे म्हणाले. "एकदा तरी चहूकडं पाणीच बघू दे. मधे जमीन नको."

आठवडाभर पाणी! माझा धीरच होईना. लेकीला बेटांचा मार्ग कळवून टाकला. हे नुसतं "बरं" म्हणाले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

रोज गोळ्यांसाठी मागे लागावं लागतं. आज जेवण झाल्यावर न सांगता उठले, गोळ्या घेतल्या आणि गुपचूप जाऊन पडले.