निघताना म्हणायचा शब्द

३ सप्टेंबर

देवाच्या कृपेने सुखरूप पोहोचले. मॅट्रिकनंतर वही हातात धरली ती घरखर्च लिहायलाच, आणि आता थेट परदेशात शिवणकलेचा अभ्यासक्रम! महिला मंडळातून एकीलाच पाठवायचं होतं, चिठ्ठी नेमकी माझ्या नावाची निघाली. हे म्हणाले, तू परत आलीस की माझ्या लेंग्याची नाडीसुद्धा फॅशनची लागणार. लेक मात्र रुसली होती. तिला पाचवा लागलाय. बाळंतपणाच्या आत येते, असा तिच्या पोटावर हात ठेवून शब्द दिला, तेव्हा कुठे हसली.

ज्यांच्या घरी राहायचं ते नवराबायको दोघंच. तो पोस्टमन, दिवसभर बाहेर. ती घरीच असते. मी तिला ताई म्हणते, तिलाही ते आवडलेलं दिसतं. माझी खोली माडीवर, चांगल्या उजेडाची. खिडकीशी खाट आहे पण लहान, पाय बाहेर येतात. पिशवी अडकवायची खुंटी तर इतकी खाली की वाकावं लागतं. कपाटावर देवाची तसबीर मांडली. इथली चहाची पुडी दोनदा चालते, हेही पाहून ठेवलं.

१० सप्टेंबर

वर्गात सगळ्या लेकीच्या वयाच्या. मी कापड इतकं जपून बेतते की चिंध्यांची टोपली उपाशी राहते, असं आमच्या शिक्षिका म्हणाल्या. पोरी खूप हसल्या, मीही हसले.

सकाळी मी खोलीतून निघाले तेव्हा ताई जिन्यात उभी होती. रोज रिकाम्या खोलीकडे वळून काय म्हणता, तिने विचारलं. सवयीचं तोंड, दुसरं काय! खोलीच्या दारातच उभी राहून मोडक्यातोडक्या भाषेत समजावलं. आमच्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ते मरणाऱ्याने म्हणायचं. आपण ‘येते’ म्हणायचं, मागे राहणाऱ्याने ‘ये’ म्हणायचं. कुणी नसलं तर मी भिंतींना सांगून निघते.

ती मटकन पायरीवर बसली. मग कळलं, खोली तिच्या मुलीची. सात वर्षांची पोर, वर्षभर याच खाटेवर पडून होती. ताई औषध आणायला निघाली आणि त्यांच्या भाषेत सगळे म्हणतात तेच दारातून म्हणाली, जाते. पोर रडली म्हणे, जाऊ नको म्हणून. ती परत आली तोवर सगळं संपलं होतं. तुमचा हा शब्द मला तेव्हा मिळायला हवा होता, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. दोघी रडलो. वर्गाला उशीर झाला.

२२ सप्टेंबर

आज ‘येते’ म्हणून दार ओढून घेतलं, आणि आतून ‘ये’ आलं.

बारीक आवाज. नवा शब्द शिकलेलं पोर म्हणतं तसा, जरा लांबवून.

भास असेल. दिवसभर टिपा वाकड्या पडल्या.

२९ सप्टेंबर

आता ते ‘ये’ रोज येतं. संध्याकाळी परतते तर गादी उबदार असते, माझी मापाची टेप खालच्या खुंटीवर गुंडाळून ठेवलेली असते. जप करते, पण माळ हातात असली तरी कान खाटेकडेच. भीती वाटते, नाही असं नाही. पण त्याहून जीव तुटतो.

ताईला सांगितलं. ती दाराला कान लावून बसते. तिला काहीच ऐकू येत नाही. आता तीसुद्धा बाजारात जाताना जिन्याखालून ‘येते’ म्हणते आणि उत्तरासाठी थांबते. उत्तर नाही. मला विचारते, आवाज आजारी वाटतो का? मी म्हटलं, नाही, खुशीत आहे.

१४ ऑक्टोबर

काल वर्गाबरोबर दुसऱ्या गावी कापडगिरणी बघायला निघालो, तिथेच मुक्काम होता. गाडीत खिडकीशी बसले. पोरींची गाणी चालली होती. आणि मग — मी इथे, खोलीच्या दारात उभी. चपला चिखलाने भरलेल्या. मधलं काही आठवत नाही.

खाटेवरून टाळ्या ऐकू आल्या.

२० नोव्हेंबर

अभ्यासक्रम संपला. काल बॅग घेऊन विमानतळाकडे निघाले. संध्याकाळी याच दारात. आज ‘येते’ न म्हणताच निघाले — तरी इथेच. इतके दिवस दिलेला शब्द त्या पोरीने धरून ठेवलाय.

ताई पाया पडली. राहा म्हणाली. माझ्या पोरीला पुन्हा एकटं टाकू नका.

२३ नोव्हेंबर

ह्यांचा फोन. लेकीला सातव्यातच कळा — दवाखान्यात नेलंय — सारखी विचारते, आई आली का. फोन तिच्या कानाला लावायला सांगितला. म्हटलं, घाबरू नकोस राणी, येते.

खोलीतून लगेच — ये.

तो शब्द लेकीला दिला होता. तोही हिनेच घेतला —

२४ नोव्हेंबर

उपाय एकच. ‘जाते’ म्हणायचं. जे ऐकून तिने प्राण सोडला, तेच तिला पुन्हा — देवा, याचा अपशकुन माझ्या माथी घाल, लेकीच्या नको.

दार उघडलंय. गादी दबलेली. चादर हलते.

ताई खाली कान झाकून बसलीय.

आपसूक बोलायला गेले तर जीभ घसरेल. म्हणून आधी लिहिते, मग तेवढंच वाचून दाखवते — जाते. जाते. जाते.

बॅग खांद्यावर. वही चौकटीला टेकवून —

हुंदका आला. तिचा.

पोरी, रडू नकोस गं. मी ये