नाथाच्या कॅप्सूल

१२ नोव्हेंबर
नाथाला तेल आणायला धाडला, मीठ घेऊन आला. एकोणतीस वर्षांचा घोडा. बोलले तर हसतो. गिरणीवर शेठपण वैतागलाय त्याच्यावर. चौथीत शाळा सोडली तेव्हापासून हेच. आई जाताना म्हणाली, वनू, भावाला बघ. बघतेय की. सिकल, तो रक्ताचा आजार, दोघांनाही आहे, पण दोघांच्या कॅप्सूल मीच सांभाळते. त्याच्या हातात डबा दिला तर झालंच कल्याण.
किन्हवलीच्या आशाताई सांगत होत्या, शहापूरला सिकलवाल्या मोठ्या माणसांच्या डोक्याची तपासणी आहे. विसरतात का, समजतं किती, ते बघतात. नेते ह्याला.

१४ नोव्हेंबर
पाटीलवहिनींनी ब्लाउज परत आणला. दोन्ही बाह्या डाव्याच. इतकी वर्षं शिवतेय मी, असं कधी... लाइट गेली असेल मधेच, दुसरं काय. उसवून देते म्हटलं.

१९ नोव्हेंबर
सकाळच्या एस्टीने शहापूर. डॉक्टर मॅडम तरुण, बोलायला गोड. शाळा कमी शिकलेल्यांना प्रश्न वेगळे होते. नाथाने हळूहळू का होईना, सगळं बरोबर सांगितलं. म्हटलं, ही तपासणीच फालतू.
मंग मॅडम म्हणाल्या, तुम्हालाही सिकल आहे ना, बसा. हसतच बसले. बारावी पास आहे मी.
पाच शब्द सांगितले, थोड्या वेळाने विचारले. दोन आले. घड्याळ काढा म्हणाल्या. काढलं. आकडे सगळे एका बाजूला गोळा झाले, बाराला जागाच उरली नाय. नाथा खिडकीबाहेर बघत बसला, मुद्दाम.
मॅडमनी समजावलं. ह्या आजारात मेंदूच्या बारीक नसा तुंबतात, झटका येऊन जातो नि माणसाला पत्ताही लागत नाय. ठाण्याला एमआरआय करा म्हणाल्या. कागद माझ्या नावाचा.

२० नोव्हेंबर
डोळ्याला डोळा लागला नाय. उपाशीपोटी गेले, एस्टीत उलटी झाली, त्यात वर परीक्षा. कोणाला आठवेल? ठाण्याला बिलकूल जाणार नाय. हाडांनी छळलं, जमलेलं लग्न सिकलपायी मोडलं, पण डोकं धड होतं माझं. तेवढंच तर होतं. मला भीती वाटतेय.

२९ नोव्हेंबर
नाथाच्या कॅप्सूल महिना भरायच्या आधीच संपल्या. औषधाच्या खिडकीवर जाऊन चांगलीच भांडले. कमी देता नि वर तोंड करून बोलता? खिडकीतली बाई मोजूनच दिल्या म्हणत होती. शेवटी दिल्या मुकाट. आपल्याशी गाठ आहे.

६ डिसेंबर
नाथा तापाने फणफणलाय. शहापूरला भरती केला. रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी पार उतरल्यात. सिकलच्या कॅप्सूल जास्त झाल्या की असं होतं म्हणाले.
मॅडमनी विचारलं, कॅप्सूल दिवसाला किती? मी म्हटलं, एक. मॅडमनी परत त्यालाच विचारलं. तेव्हा बोलला, "सकाळी एक देते ताय. कधी कधी संध्याकाळी पन देते."
मी म्हटलं, खोटं. मॅडमनी माझ्याकडे बघितलंच नाय. त्याला म्हणाल्या, मग तू बोलला का नाहीस?
"बोललो ना एकदा. ताय वरडली, मला शिकवतो काय. मंग वाटलं, माझंच चुकत असंल. मी ढ हाय ना."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. ढ, ढ करून मीच त्याच्या टाळक्यात भरवलं ते. आणि तो गिळत राहिला.

११ डिसेंबर
ताप उतरला. कॅप्सूल सध्या बंद. पेशी वाढल्या की परत चालू करू म्हणाल्या. मला कोणी काय बोललं नाय. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

२२ डिसेंबर
घरी आणल्याला आठवडा झाला. आजपासून कॅप्सूल परत चालू. दुपारी माझ्यापाशी येऊन बसला. म्हणाला, "ताय, डबा दे. माझ्या मी घेईन." इतक्या हळू, जसा काय गुन्हा त्यानेच केलाय.
दिला.
मॅडमनीच ठाण्याला माझ्या एमआरआयचा नंबर लावलाय, जानेवारीतला. तो विचारतो, जायचं ना? मी भाकऱ्या थापत राहते.

२६ डिसेंबर
गिरणीवर निघताना नाथाने दारातून विचारलं, "तुझी घेतलीस ना, ताय?" घेतली म्हटलं. माझ्या कॅप्सूल नाय दिल्या त्याला. त्या शिलाई मशीनच्या खणात आहेत. तेवढं तरी माझ्या हातात राहू दे.
तो गेल्यावर खण उघडला. पाकिटातली शेवटची रिकामी जागा आजची का कालची? पाण्याचा ग्लास ओला आहे, पण पाणी तर मी... नाय, आठवत नाय. हाक मारली असती तर तो परत आला असता, अजून वळणावरच असेल. नाय मारली.
एक काढून हातात घेतलीय.